सुशीलावहिनींचा उंडो

आमच्या लाटंबार्सेच्या वाड्यावर सुशीला घाडी या बाईचा आवाज कसा आहे हे कुणी विचारलं असतं, तर लोकांना आठवावं लागलं असतं. मी त्यांचा शेजारी. दोन घरांच्या मध्ये जास्वंदीचं एक कुंपण, तेही शेळ्यांनी अर्धं खाल्लेलं. त्या कुंपणापलीकडून मला भांड्यांचा आवाज यायचा, रगड्याचा यायचा, झाडूचा यायचा. वहिनींचा नाही. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंपू वाजवत आला की त्या दारात येऊन बोटं दाखवायच्या आणि पोदेर तेवढ्या पोयी मोजून द्यायचा. एकदा त्यानं मला विचारलं होतं, "मास्तर, बाई मुकी काय?"

मुकी नव्हती. बोलायला जागा नव्हती एवढंच. कारण त्यांच्या घरात कृष्णनाथ होते.

कृष्णनाथ घाडी हे वहिनींचे यजमान. उभा जन्म खाणीवर टिपर चालवला. टिपरच्या घरघराटावरून आवाज चढवून बोलायची सवय लागली. मग खाणी बंद पडल्या, टिपर गेला, आवाज राहिला. सकाळी तोंड धुताना सुरू व्हायचे ते निजेपर्यंत. पाऊसपाणी, पंचायत, डिझेल, माशांचे भाव, आपण एकदा उसगावच्या चढावर ब्रेक गेलेला टिपर कसा थांबवला. मध्ये श्वास घ्यायला थांबायचे तेव्हा वहिनी "हां" म्हणायच्या. एवढाच त्यांचा वाटा.

गावाच्या वर डोंगरावर वहिनींची काजूची बाग आहे. फेब्रुवारीपासून मेपर्यंत बोंडू, म्हणजे काजूची फळं, आणि बिया खाली आणायच्या, बिया घरी, बोंडू ओढ्याकाठच्या दादूच्या फेणीच्या भट्टीवर. आधी पिकअप वरपर्यंत जायची. मग पाण्याच्या पाइपासाठी वळणावर चर खणला, चर बुजवला, पण रस्ता पुन्हा जोडायचं कुणाला आठवलं नाही. डोक्यावरून आणायला बायका मिळेनात, वहिनींचे गुडघे कुरकुरू लागले. कृष्णनाथ म्हणाले, "भियां नको. मी स्कूटरीवरसून हाडतंय." दोन बाजूंना दोन क्रेट बांधून ते डोंगर उतरले आणि घाणेरीच्या जाळीत गेले. बोंडू ओढ्यापर्यंत एकटेच गडगडत पोचले. "ब्रेक फेल," असं कृष्णनाथांनी सगळ्यांना सांगितलं. स्कूटर मेकॅनिककडे नेली तर ब्रेक ठणठणीत.

त्याच वेळी घाड्यांकडे न्हाणीघराची भिंत बांधायला अनिल नावाचा गवंडी येत होता. बेळगावकडचा. त्यानं कृष्णनाथांच्या अंगातले काटे काढता काढता सुचवलं, "मावशी, स्कूटर कशाला ओ? आमच्या आत्याकडं तट्टू हाय की. धनगरांचं तट्टू, भीमथडी. बारकं दिसतंय, पण डोंगर म्हंजे त्येला अंगण. वयात आलंय, अजून कामाला घातलं नाही. चांगल्या घरी द्यायचं म्हणत्यात."

कृष्णनाथांनी तट्टाचे फायदे-तोटे यावर जेवण होईपर्यंत व्याख्यान दिलं. शेवटी वहिनी "हाडा", म्हणजे आणा, एवढंच म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात फरशा घेऊन आलेल्या टेम्पोतून, फरशांच्या आणि सिमेंटच्या पोत्यांच्या मध्ये उभं राहून ते आलं. वाडा गोळा झाला. छातीएवढं उंच, पोट गोल, पाय आखूड आणि दणकट, कपाळावर विस्कटलेली झुलपं. रंग असा की भट्टीतून जरा उशिरा काढलेला पाव. फळी लावल्यावर ते पायापाशी बघत शांतपणे उतरलं, अंगणात उभं राहिलं आणि पोदेराच्या टोपलीत तोंड घालून त्यानं एक अख्खा उंडा उचलला. आमच्याकडे उंडो म्हणजे गोल, जाड कवचाचा पाव. तो चावायला माणसाला दात लागतात. तट्टानं दोनदा दाढा हलवल्या आणि गिळला.

"उंडो," वहिनी म्हणाल्या.

त्या पावाबद्दल बोलत होत्या की तट्टाबद्दल, हे कुणी विचारलं नाही. नाव पडलं.

उंडोचा स्वभाव पहिल्या दिवशी तरी देवमाणसाचा वाटला. चावत नव्हता, लाथ मारत नव्हता. पोरांनी शेपूट धरलं तरी मान वळवून पाहायचा, इतकंच. मोरखी घालून घेतली, पाठीवर खोगीर चढवून घेतलं, क्रेट बांधून घेतले. त्यानंतर वहिनींनी दावं धरून पुढे पाऊल टाकलं आणि दावं ताठ झालं. उंडो जागचा हलला नाही. रागानं नव्हे, हट्टानंही नव्हे. पाहुणा जसा 'तुम्ही सुरू करा, मग मी घेतो' म्हणून पानावर थांबून राहतो, तसा तो उभा.

कृष्णनाथ पुढे झाले. "अगो, गाडी चालू करूक येवक व्हयी." त्यांनी उंडोच्या मागून खांदा लावला, पुढून गवत दाखवलं, बाजूनं टाळ्या वाजवल्या. मग टिपरवर क्लीनरला देत तसा आवाज दिला, "येऊंदे, येऊंदे, येऊंदे!" उंडो मागे सरकला. थेट माझ्या जास्वंदीत. शेळ्यांनी जे ठेवलं होतं ते त्यानं निकालात काढलं.

"रिव्हर्स बरो घेता," कृष्णनाथ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी त्याला कसाबसा रस्त्यापर्यंत नेला. म्हणजे आपल्या घरातून मंगल आणि तिची सून भांडत बाहेर आल्या होत्या, त्या गडबडीत तो आपणच चालत रस्त्यावर आला. मंगल ही पलीकडच्या घरची, वहिनींच्याच वयाची. तिच्या घरी भांडण हे रोजच्या कढीसारखं. भांडण घरात गेलं आणि उंडो डांबरी रस्त्याच्या मधोमध थांबला. त्याच वेळी डिचोलीची बस आली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. उंडोनं कान हलवले. कंडक्टर उतरला, त्यानं हात जोडले, मग शिव्या दिल्या, मग पुन्हा हात जोडले. सगळे उतारू उतरले आणि प्रत्येकानं एकेक उपाय सांगितला. इतके जण, त्यातही बायका, एकदम बोलू लागल्यावर उंडो डुलत डुलत कडेला आला आणि बस गेली. तेव्हा कुणाच्याच डोक्यात काही आलं नाही. कंडक्टरला वाटलं, आपल्या हात जोडण्यामुळे झालं.

उलगडा झाला तो फोनमुळे.

वहिनींची धाकटी बहीण पार्वती पेडण्याकडे हळर्णला दिलेली. तिचा फोन आला तेव्हा वहिनी डोंगराच्या पायथ्याशी, तिथवर कसाबसा आलेल्या आणि आता हलत नसलेल्या उंडोचं दावं धरून उभ्या होत्या. मी मागे सुकी लाकडं वेचत होतो म्हणून मला सगळं ऐकू आलं. पार्वती काय म्हणाली ते कळलं नाही, पण वहिनींचा चेहरा लाल झाला.

"कोण म्हणता? माझी सोलकढी पाण्यासारखी?" वहिनी म्हणाल्या. मी लाकडं टाकली. इतकं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकत होतो. "आणि तू आयकान घेतलंस? तुझ्या नणंदेन तीन वाट्यो प्यालेल्यो ता सांगूक नाय तुका? भायर ठेवलेली घागर सुद्धा तिणा वाकान बघल्यान..."

दावं सैल पडलं. उंडो चालायला लागला. वहिनी बोलत होत्या आणि उंडो त्यांच्या शेजारून, मान खालीवर करत, टाप टाप डोंगर चढत होता. पहिलं वळण गेलं, चर गेला, करवंदीची जाळी गेली. पार्वतीनं तिकडून काहीतरी समजावलं असावं, कारण वहिनी "बरां" म्हणून थांबल्या. फोन बंद केला. उंडोही थांबला.

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं वहिनींकडे पाहिलं.

"चल," वहिनी म्हणाल्या. उंडो एक पाऊल पुढे आला. "चल रे." अजून एक पाऊल. "चल बाबा, चल, बोंडू कुसतले." चार पावलं. मग वहिनींजवळचे शब्द संपले.

संध्याकाळी अनिलनं आपल्या आत्याला फोन लावून दिला. आत्या धनगरांच्या तळावरून बोलत होती, मागे मेंढ्या ओरडत होत्या. तिनं हसत हसत सांगितलं ते असं: पुरुष माणसं मेंढरांबरोबर जातात, बिऱ्हाड बायका हलवतात. तट्टावर भांडी, घोंगडी, कोंबड्या, कधी तान्हं पोर, आणि त्याच्या दोन्ही अंगांना बायका. बायका चालल्या की बोलतात, थांबल्या की मुक्काम. "त्येला जन्मापासनं, आईमागनं चालताना, तेच ठावं हाय, बाई. बोलणं म्हंजे वाट. गप्प बसलं की तळ पडला म्हणून उभारतंय. आन् बाप्याचा आवाज आला की त्येला वाटतंय मेंढरं अंगावर आली, मागं हटतंय. तुमी बोलत ऱ्हावा, बास."

"मी?" वहिनी म्हणाल्या.

कृष्णनाथांना हे फार लागलं. आयुष्यभर बोलण्यात घालवलेल्या माणसाला, जिथं बोलण्याला काही भाव होता, तिथं मज्जाव. त्यांनी दोन दिवस बारीक आवाज काढून बघितला. उंडो मागे हटत दादूच्या भट्टीच्या आवारात पोचला, तेव्हा तो नाद त्यांनी सोडला.

आता प्रश्न वहिनींचा. पहिल्या दिवशी त्यांनी आरत्या म्हटल्या. उंडो चालला, पण तिसऱ्या आरतीला पेंगायला लागला. मग पाढे. बाराच्या पाढ्यात वहिनी अडल्या, उंडोही अडला. मग त्यांनी मसाल्याची कृती सांगितली; धणे, मिरे, त्रिफळं इथपर्यंत तो कसाबसा आला. त्याला हवं होतं ते खरं बोलणं. चढणारं, उतरणारं, मध्येच 'आणि काय सांगू' म्हणणारं. आणि ते वहिनींकडे नव्हतं असं आम्हाला वाटायचं.

होतं. साठवून ठेवलेलं होतं.

सुरुवात कढईनं झाली. वाड्यावरच्या एका लग्नाला वहिनींची मोठी कढई गेली होती. त्या मुलीला पोरं झाली, कढई परत आली नव्हती. हे वहिनींनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. उंडोला सांगितलं. तो वळण चढून गेला. मग कोण पाहुणे आले की टीव्ही मोठा लावतं, कोण देवळात प्रसाद दोनदा घेऊन दुसऱ्यांदा चेहरा वेगळा करतं, कोणाचं कुत्रं कुणाच्या कोंबड्यांना का घाबरतं. उंडोचा स्वभाव तेव्हा पुरता कळला. तक्रार असली की तो भराभर चालायचा, कौतुक असलं की रेंगाळायचा. चढावर वहिनी कुणाचं चांगलं बोलायच्या भानगडीत पडेनाशा झाल्या. चांगलं सगळं उतारासाठी राखून ठेवायच्या, म्हणजे क्रेट हिंदकळत नसत.

बागेत जाताना वाटेत कुणी भेटलं की त्या चटकन मसाल्यावर यायच्या. त्यामुळे गावाला पत्ता नव्हता. लोकांना फक्त एवढं दिसे की सुशीला घाडी तट्टाला रोज धणे-जिरे सांगते.

मार्च उजाडला, बोंडवांचा सडा पडू लागला आणि वहिनींचा घसा बसला. बसला म्हणजे पुरता. इतक्या वर्षांत न वापरलेली गोष्ट एकदम दिवसभर वापरल्यावर दुसरं काय होणार? डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं आणि बोलायचं नाही म्हणून बजावलं. "यापुढंही बोलणं जरा कमी करा. बायकांना सवय असते," असं ते म्हणाले म्हणे. कृष्णनाथ शेजारीच बसले होते. त्यांनी मान डोलावली.

वर बोंडू कुजायला लागले. उंडो दारात उभा. तेव्हा समीक्षानं उपाय काढला. समीक्षा ही घाड्यांची मुलगी, पणजीला ऑफिसात कामाला, रविवारी घरी यायची. आधीच्या रविवारी ती आईच्या मागोमाग डोंगर चढली होती आणि आई बोलते याचंच तिला इतकं नवल वाटलं की तिनं मोबाइलवर सगळं घेऊन ठेवलं होतं. चवथीला गणपतीपुढे लावतात तो गोल स्पीकर तिनं काढला, मोबाइल आणि स्पीकर एका पिशवीत घातले आणि पिशवी खोगिराखाली घट्ट बांधली, पडू नये म्हणून.

वहिनींनी हातांनी विचारलं, यात काय काय आहे?

"अगो आई, डोंगरार कोण आयकतलो?" समीक्षा म्हणाली.

वहिनींना बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी हो किंवा नाही काहीच म्हटलं नाही. दावं कृष्णनाथांच्या हातात दिलं, तोंडावर बोट ठेवून त्यांना दम भरला.

स्पीकर सुरू झाला. वहिनींचाच आवाज, फक्त चारपट मोठा. उंडोनं कान टवकारले, जरा मागे वळून वहिनींकडे पाहिलं, आणि निघाला. फाट्यापर्यंत सगळं ठीक. तिथून डावीकडे डोंगर आणि उजवीकडे वळसा घेऊन पुन्हा वाडा. कृष्णनाथांनी तोपर्यंत तोंड बंद ठेवलं होतं. त्यांच्या आयुष्यातला तो मोठाच पराक्रम. पण फाटा आला आणि त्यांचा ताबा सुटला. "लेफ्ट!" ते ओरडले. "लेफ्ट काप, लेफ्ट!"

उंडोनं दाव्याला हिसडा दिला आणि तो उजवीकडे सुटला.

रविवारची सकाळ. सगळे घरी. कुणी मासे साफ करत होतं, कुणी अंगणात पेपर वाचत होतं. आणि रस्त्यानं एक तट्टू एकटंच, रिकामे क्रेट वाजवत, सुशीला घाडीच्या आवाजात बोलत येत होतं.

"...ती कढई, उंड्या, लग्नाक गेली ती अजून लग्नातसून येवक नाय. दर चवथीक माका तिच्यातसून वास येता, बाजूच्या घरातसून. माझ्याच कढईत माझ्या नाकासमोर करंज्यो तळतत..."

त्या घरातली बाई करंज्याच काय, सगळंच सोडून आत पळाली.

पुढचं घर माझं. माझ्याबद्दल जे होतं ते मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो की सकाळी दात घासताना अंगणात गाणं म्हणायचं मी त्या दिवसापासून सोडलं.

मागून कृष्णनाथ धावत येत होते. "बंद करा तेका! धरा!" पण ते जितकं ओरडत तितका उंडो पुढे सुटे. दोन-तीन जणांनी मोरखी धरली. पण बटण खोगिराखाली, खोगीर सोडवावं तर उंडो थांबत नव्हता, आणि खरं सांगायचं तर पुढे कुणाचं नाव येतं हे ऐकायची प्रत्येकालाच ओढ होती. धरायला आलेले लोक हळूहळू नुसतेच बरोबर चालू लागले. त्यामुळे उंडोला आणखी बरं वाटलं असावं. धनगरांच्या वाटेवरच्यासारखी दोन्ही अंगांना माणसं.

"आणि आमचे हे," स्पीकर म्हणाला, आणि कृष्णनाथ जागीच थबकले. "ब्रेक फेल झालो म्हणतत. ब्रेक खंयचो फेल होता? सरडो आडवो गेलो म्हणान डोळे मिटले तेनी. मी वरसून बघलंय. टिपर चलवणारो माणूस, सरड्याक भियेता. दिवसभर बोलतत, बोलतत. एकदा तरी म्हटलां काय, सुशीला, तू काय म्हणतंस?" मग जरा उतार लागला असावा, कारण आवाज मऊ झाला. "पण बोलताना बरे दिसतत. भुवयो अश्यो वर जातत. म्हणान मी बोलूक दितंय."

सगळ्यांनी वळून कृष्णनाथांच्या भुवयांकडे पाहिलं. त्या तेव्हा वर गेलेल्याच होत्या. नंतर कृष्णनाथ चालू लागले ते न ओरडता.

वरात देवळापाशी पोचली. वर्धापनदिन जवळ आला होता म्हणून सभामंडपात भजनाचा सराव चालला होता. भट्टीवाला दादू मुख्य गायक. गेली कित्येक वर्षं तोच, कारण पेटीही त्याचीच आणि सरावानंतरचं हुर्राक, म्हणजे काजूची हलकी दारू, तेही त्याचंच. डोळे मिटून, हात वर करून तो ताना घेत होता. उंडो पायऱ्यांपाशी आला.

"दादू गाता तेव्हा," स्पीकर म्हणाला, "देव डोळे मिटता. लोकांक वाटता भक्तीन मिटल्यान. काय करतलो बिचारो, कान मिटूक येनत नाय म्हणान डोळे मिटता."

आणि रेकॉर्डिंग संपलं.

उंडो थांबला. दादूचा हात वरच राहिला. मृदंगवाल्यानं तोंड पंच्यानं झाकलं. त्या शांततेत पहिलं कोण फुटलं ते सांगता येत नाही, पण एकदा फुटल्यावर मंडपातली कबुतरं उडून गेली.

वहिनी त्या दिवशी घराबाहेर आल्या नाहीत. समीक्षा संध्याकाळच्या बसनं पणजीला गेली, जाताना तिनं पुढचा रविवार ऑफिसात काम असल्याचं जाहीर करून टाकलं. मला वाटलं होतं, आता हे घर वाळीत पडणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी कढई आली. घासूनपुसून, आत करंज्या घालून. पाठोपाठ मंगल आली ती पदर खोचून. मी कुंपणाच्या भोकातून बघत होतो. आता कुंपण म्हणजे भोकच होतं.

"सुशीले," मंगल कडाडली, "मी तुझी एवढी वर्सांची शेजारीण. सगळ्यांची नावा घेतलंस. माझा कित्याक नाय?"

वहिनींना बोलता येत नव्हतं. त्यांनी हात हलवले.

"मी काय भांडणय नाय? माझो आवाज नाय? त्या मास्तराचा सुद्धा नाव घेतलंस. माझ्यात काय बोलण्यासारखाच नाय?" मंगलच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी. वहिनींनी तिला बसवलं, करंजी दिली, आणि घोगऱ्या कुजबुजीत कानात काहीतरी सांगितलं. बराच वेळ सांगितलं. मंगलचा चेहरा आधी रागावला, मग खुलला. "व्हय गो," ती म्हणाली, "तशी मी आसंयच."

दुपारी दादू आला. कृष्णनाथ दारातच आडवे आले, पण दादू भांडायला आला नव्हता. तो ओसरीवर बसला, टोपी काढली.

"वहिनी, खरा सांगा. बेसूर?"

वहिनींनी कृष्णनाथांकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं, आणि मान हलवली. हो.

"माका वाटायचा पेटी बिघडली," दादू म्हणाला. "दोनदा दुरुस्त करून हाडली." त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "मग मी काय करू?"

"झांज," वहिनी कशाबशा म्हणाल्या.

वर्धापनदिनाला दादूनं झांज वाजवली. चांगली वाजवली. गायला मृदंगवाल्याचा भाचा बसला, आणि लोक प्रथमच भजन संपेपर्यंत थांबले. दादूला याचं वाईट वाटलं की नाही ठाऊक नाही. त्यानं त्या रात्री सगळ्यांना स्वतः वाढलं आणि वहिनींच्या घरी वेगळी पत्रावळ पाठवली.

घसा सुटेपर्यंत डोंगरावर कोण जाणार, हा प्रश्न मंगलनं सोडवला. ती सुनेला घेऊन आली. दोघी उंडोच्या दोन बाजूंना राहिल्या आणि रोज सकाळी आमटीत खोबरं किती यावरून सुरू करून बागेपर्यंत पोचायच्या. उंडो असा धावायचा की परत येईपर्यंत दोघींना धाप लागून भांडण मिटलेलं असे. सुनेचं म्हणणं, तिला सासू इतकी कधी आवडली नव्हती.

वहिनींचा आवाज परत आला तो जरा जाडसर होऊन. पण त्या आता मसाल्यावर यायच्या नाहीत. कुणी समोर आलं तरी जे चाललंय ते तसंच पुढे चालू. पोदेराला त्यांनी तोंडावर सांगितलं की तुझे उंडे हल्ली आतून ओले असतात. पोदेर सायकलवरून पडायचा बाकी राहिला, "बाई बोलता!" म्हणून. घरात जेवताना कृष्णनाथ मध्येच थांबतात आणि "तुझा काय म्हणणा?" असं विचारतात. विचारतात आणि उत्तराच्या मध्येच पुन्हा सुरू होतात, पण विचारतात. वहिनीही आता मध्येच थांबत नाहीत. त्यामुळे दोघं एकदम बोलत असतात आणि मला पलीकडे काहीच नीट ऐकू येत नाही.

हंगामाचा शेवटचा माल भट्टीवर उतरवला त्या दिवशीची गोष्ट. दादू आणि वहिनी हिशेबाऐवजी आंब्यांवर बोलत बसले होते. उंडो मोकळा होता. भट्टीमागे बोंडवांचा पिळून टाकलेला चोथा ढीग लावून पडलेला, उन्हात आंबलेला, वर माश्या घोंगावताहेत. कुणाचं लक्ष नव्हतं. लक्ष गेलं तेव्हा ढिगाला खळगा पडला होता आणि उंडो भट्टीच्या भिंतीला टेकून उभा होता. टेकून म्हणजे माणूस टेकतो तसा. खालचा ओठ लोंबत होता.

"उंड्या, चल," वहिनी म्हणाल्या. कान हलला. त्यांनी पंचायतीवर तक्रार केली, मग पाइपवाल्यांवर. उंडोनं चारी पाय एकापाठोपाठ एक दुमडले आणि तो बसला. मंगलला बोलावलं. मंगल सून घेऊन आली, दोघींनी मनापासून प्रयत्न केला. उंडो आडवा झाला आणि घोरायला लागला. घाबरून अनिलच्या आत्याला फोन लावला. ती तिकडून इतकी हसली की फोन लांब धरावा लागला. "पाणी ठेवा फुड्यात, सावलीत ऱ्हाऊंद्या. उठतंय आपलं आपण," ती म्हणाली.

मग काय, सगळे तिथेच बसले. दादूनं चहा केला. ऊन उतरलं. कृष्णनाथ घरून पेजेचा टोप, तोरांचं, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांचं, लोणचं आणि वाटगे घेऊन आले. येताना ओढ्याच्या दगडावर एक सरडा होता, तो जाईपर्यंत थांबावं लागलं असं त्यांनी आपणहून सांगितलं. कुणी हसलं नाही. फार भूक लागली होती. पेज भुरकायचा तेवढा आवाज येत होता, आणि उंडोच्या घोरण्याचा.

दिवेलागणीच्या जरा आधी त्यानं डोकं उचललं. बादलीभर पाणी प्याला, अंग झाडलं, अंगावरचा अर्धा चोथा दादूच्या धोतरावर. मग कुणी काही बोलत नसताना, कुणाकडे न बघता, अगदी सरळ नाही पण बऱ्यापैकी, तो घराच्या वाटेला लागला. वहिनींनी घाईघाईनं चूळ भरली, दावं खांद्यावर टाकलं आणि चपला हातात घेऊन त्या त्याच्या मागे निघाल्या.